कात्री लागलेला धर्मग्रंथ

एखादी कलाकृती सुमार असूनही मनातून जात नाही, तेव्हा तिने आपल्या कोणत्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले आहे हे तपासून पाहावे. 'चिल्ड्रेन ऑफ द कॉर्न' हा १९८४ सालचा अमेरिकन भयपट माझ्या बाबतीत असा ठरला. तरुणपणी व्हिडिओ कॅसेटवर तो पाहून मी घाबरलो होतो. अलीकडे मुलांसमवेत पुन्हा पाहिला, तेव्हा मुले खो खो हसत होती. जमिनीखालून धावत येणारा मातीचा उंचवटा, आभाळात उसळणारे लालभडक ढग, संकटाची आगाऊ वर्दी देणारे संगीत! मीही हसलो. नंतर मात्र बेचैन झालो आणि ज्या लघुकथेवरून तो बेतला आहे ती काढून वाचली.

स्टीफन किंग यांची ही कथा १९७७ मध्ये प्रसिद्ध झाली आणि पुढील वर्षी 'नाइट शिफ्ट' या संग्रहात आली. नेब्रास्का राज्यातील गॅटलिन नावाच्या काल्पनिक गावी मक्याच्या अफाट शेतांमध्ये ती घडते. गावातील मुलांनी सर्व वडीलधाऱ्यांना ठार मारले आहे. 'ओळींच्या मागून चालणारा' असे एक दैवत मक्यात वावरते आणि वयाची एकोणीस वर्षे पूर्ण झालेल्याने त्याला बळी जायचे, असा तेथील नियम आहे. बर्ट आणि व्हिकी हे प्रवासी जोडपे वाट वाकडी होऊन तेथे पोहोचते.

बर्ट गावातील चर्चमध्ये शिरतो, तो प्रसंग कथेचा गाभा होय. ऑर्गनच्या पट्ट्या उपटून काढल्या आहेत, नळ्यांत मक्याची पाने कोंबली आहेत. ख्रिस्ताच्या चित्रात केसांच्या जागी हिरवा मका आहे. व्यासपीठावरील बायबलमध्ये जुना करार शाबूत आहे. नव्या करारातील पाने मात्र कात्रीने कापून काढलेली आहेत.

ही कात्री ख्रिस्तसभेला नवी नाही. दुसऱ्या शतकात मार्सियन नावाच्या विचारवंताने ती उलट दिशेने चालवली होती. त्याने जुना करार संपूर्ण नाकारला; लूकचे शुभवर्तमान आणि पौलाची दहा पत्रे, तीही काटछाट करून, तेवढीच ठेवली. इ. स. १४४ च्या सुमारास रोममधील ख्रिस्तसभेने त्याला बहिष्कृत केले आणि दोन्ही करार सांभाळले. कारण जुना करार म्हणजे केवळ कोप नव्हे. अब्राहामाचा उगारलेला हात परमेश्वरानेच अडवला. पोटच्या लेकरांचे बळी देणाऱ्यांवर यिर्मयाने आसूड ओढला. देवाला यज्ञापेक्षा दया हवी, हे होशेयने सांगितले. गॅटलिनच्या मुलांनी नवा करार कात्रीने कापला. उरलेल्या ग्रंथातील दया त्यांनी न वाचताच कापली.

येथे कोणी विचारील, 'परमेश्वराचे भय' हे पवित्र आत्म्याच्या सात दानांपैकी एक आहे ना? निश्चितच आहे. परंतु संत थॉमस अक्वायनस यांनी भयाचे दोन प्रकार वेगळे केले. दासाला शिक्षेची धास्ती असते. लेकराला, प्रिय पित्यापासून आपण दुरावू याची. पहिल्या भयातून आज्ञापालन घडते, दुसऱ्यातून प्रेम वाढते. गॅटलिनमध्ये केवळ पहिले भय आहे, आणि अशा भयाला अंत नसतो. चित्रपटात मॅलाकाय हा दांडगा अनुयायी आपल्याच बालसंदेष्ट्यावर, आयझॅकवर, उलटतो आणि त्यालाच बळी म्हणून टांगतो.

चित्रपटाचा शेवट सोयीस्कर आहे. प्रेम आणि करुणा नसलेला धर्म खोटा, असे बर्ट मुलांना ठणकावून सांगतो. मग शेत पेटवले जाते, राक्षस नष्ट होतो आणि बर्ट व व्हिकी दोन लहानग्यांसह सुटतात. बर्टचे बोलणे योग्यच आहे. पण दुष्टता शेतात होती आणि शेत जळाले, एवढ्यावर आपले समाधान केले जाते. कथा हे समाधान देत नाही. तेथे दोघेही मरतात आणि दैवत प्रसन्न होण्याऐवजी बळीचे वय एकोणिसावरून अठरावर आणते. मॅलाकाय मुकाट्याने मक्यात चालत जातो. त्याच्यापासून गरोदर असलेली रूथ त्याच्यासाठी रडते. शेताला आग लावावी, असे तिच्या मनात येते. परंतु 'त्याला' आपल्या अंतःकरणातलेही दिसते, या धास्तीने ती गप्प राहते. चित्रपटातील राक्षसापेक्षा रूथचे हे गप्प राहणे मला अधिक भयानक वाटते.

गॅटलिनची मुले देवाविषयी हे सारे कोणाकडून शिकली, असा प्रश्न मला पडला आणि तो माझ्याच घरात येऊन थांबला. मुले लहान असताना खोटे बोलली, भांडली, प्रार्थनेच्या वेळी पेंगली, की "देव बघतोय, शिक्षा करील" असे मी सहज म्हणत असे. घर लवकर शांत होई. उधळ्या पुत्राचा दाखला मी त्यांना धर्मशिक्षणाच्या वर्गावर सोपवला होता. तो माझ्या तोंडून त्यांनी ऐकल्याचे मला आठवत नाही.

चित्रपट संपल्यावर धाकट्याला विचारले, "लहानपणी तुला देव कसा वाटायचा?" तो सहज म्हणाला, "पपा, मला वाटायचे, तो आपल्या पडवीच्या अंधारात उभा राहून माझ्या चुका मोजतो."

मी काही बोलू शकलो नाही. आमच्या देवघरातील बायबलचे एकही पान फाटलेले नाही; कात्री माझ्या जिभेवर होती. मुलगा आता मोठा झाला आहे, तरी त्या रात्री मी त्याला शेजारी बसवले आणि दुरूनच लेकराला ओळखून धावत सुटणाऱ्या त्या बापाची गोष्ट सांगितली. त्याला ती पाठ होती. तरीही त्याने शेवटपर्यंत ऐकून घेतली.