कोयता, उचल आणि मुक्ती

दसरा सरला की बीड जिल्ह्यातील धारूर, वडवणी, केज, शिरूर कासार या तालुक्यांतील गावे ओस पडू लागतात. घरी म्हातारीकोतारी उरतात. कर्ती माणसे पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात ऊसतोडीला निघतात. निघण्यापूर्वी मुकादमाकडून ‘उचल’ घेतलेली असते. ती हंगामात फिटली नाही तर पुढच्या हंगामाच्या माथी बसते. एक दिवस काम चुकले तर ‘खाडा’ म्हणून दंड पडतो. आणि नवरा-बायकोच्या जोडीला म्हणतात ‘कोयता’. परमेश्वराच्या प्रतिमेत निर्माण झालेल्या दोन जीवांची गणना एका हत्याराच्या नावाने व्हावी, याचा आम्हांला विषाद का वाटू नये?

‘साखळदंड कुठे आहेत? उचल तर राजीखुशीने घेतली जाते,’ असा आक्षेप घेतला जातो. प्रत्येक उचल म्हणजे गुलामगिरी, असे आम्हीही म्हणत नाही. परंतु ती फिटेपर्यंत ज्याला दुसरे काम धरता येत नाही, त्याच्या राजीखुशीचे मोल काय? आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात, १९८२ साली, सर्वोच्च न्यायालयाने भुकेची सक्ती ही सक्तीच मानली. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात राबवून घेणे घटनेच्या २३व्या कलमाविरुद्ध ठरवले. वेठबिगार निर्मूलनाचा कायदा तर १९७६ सालचा. त्यात बंधक मजुराचे कर्ज रद्द होते आणि जिल्हा दक्षता समितीची तरतूद आहे. उणीव कायद्याची नाही. तो राबवा, असे ठणकावून सांगणाऱ्यांची आहे.

आवाज उठला की काय घडते, हेही बीडनेच दाखवले. ऊसतोड स्त्रियांची गर्भाशये काढली जात असल्याची वाच्यता महिला संघटनांनी व पत्रकारांनी केली. २०१९ मध्ये शासनाने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पाहणीतील ८२,३०९ स्त्रियांपैकी १३,८६१ जणींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. कुजबुजीचे रूपांतर आकड्यात झाले, आणि आकड्याकडे पाठ फिरवणे राज्यकर्त्यांना जड जाते.

मग ख्रिस्तसभेने राजकारणात पडावे काय? आम्हां धर्मगुरूंना दानधर्म सोपा वाटतो. कोपीवर कपडे वाटले की मनाला समाधान लाभते. मात्र मोशेने फारोच्या दासांना केवळ भाकरी वाटली नाही; तो फारोच्या दरबारात उभा राहिला. संत पौलाने दास अनेसिमाबद्दल फिलेमोनाला पत्र लिहिले, तीही रदबदलीच होती. परंतु ती एका धन्याच्या अंतःकरणाला होती, रोमच्या कायद्याला नव्हती. त्या मौनाआड ख्रिस्ती जग शतकानुशतके लपले. १४५२ साली तर एका पोपच्या फर्मानाने पोर्तुगालच्या राजाला लोकांना दास करण्याची मुभा दिली. ही लाज आम्ही पत्करतो, म्हणूनच आता मौन परवडत नाही.

तथापि कायद्यावर भाबडा विश्वासही नको. ब्रिटिश संसदेने १८३३ साली वसाहतींतील गुलामगिरी रद्द केली, तेव्हा दोन कोटी पौंडांची भरपाई धन्यांना मिळाली, दासांना नव्हे. राजकीय प्रयत्नांत दुर्बलांचा स्वतःचा शब्द नसेल तर मुक्तीची किंमतही बलवानच वसूल करतात. महाराष्ट्र विधानसभेचे मतदान २० नोव्हेंबर २०२४ रोजी झाले, ते ऐन गाळपाच्या तोंडावर. ज्याचे मत बीडला आणि हात परक्या फडात, त्याचे गाऱ्हाणे कोण ऐकणार?

यासाठी आम्ही त्यांच्या वतीने बोलण्याआधी त्यांच्या कोपीत बसून ऐकले पाहिजे. मग मजुरांची नोंदणी, उचलीचा लेखी हिशेब, किमान वेतन आणि जागी असलेली दक्षता समिती या मागण्या त्यांच्यासोबत जाऊन तहसीलदारासमोर, आमदारासमोर मांडाव्यात. कापणी करणाऱ्यांची दडपलेली मजुरी देवापाशी आक्रोश करते, असे संत याकोब बजावतात. तो आक्रोश आमच्या चहाच्या पेल्यात रोज विरघळतो आहे. निदान त्याची चव तरी आम्हांला कळो.