वेगळी चूल

‘पटत नसेल तर मांडा वेगळी चूल!’ हे वाक्य आपल्याकडे भांडणाच्या अगदी शेवटी येते, आणि ते उच्चारले की पुढचे बोलणे खुंटते. परंतु असाही एक समाज आहे की जेथे हे वाक्य धमकी समजले जात नाही. ते प्रत्येकाचा हक्क म्हणून लिहून ठेवलेले आहे. मुक्त सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा हा समाज. संगणक चालविणाऱ्या आज्ञावली ही मंडळी लिहितात आणि साऱ्या जगापुढे उघड्या ठेवतात. कोणीही त्या वाचाव्यात, बदलाव्यात, आणि मूळ मंडळींशी जमले नाही तर त्यांची प्रत घेऊन खुशाल वेगळा संसार थाटावा.

ऐकताना हे रामराज्य वाटते. पण भांडणे रामराज्यालाही चुकली नाहीत. इयान मरडॉक या अमेरिकन विद्यार्थ्याने १९९३ साली ‘डेबियन’ नावाचा प्रकल्प सुरू केला. आपल्या मैत्रिणीचे, डेब्राचे, आणि स्वतःचे नाव जोडून त्याने हे नाव केले. जगभरचे स्वयंसेवक तो चालवितात, आणि दरवर्षी मत देऊन आपला नेता निवडतात. संगणक सुरू होताच जी आज्ञावली प्रथम जागी होते आणि बाकीच्यांना उठविते, ती कोणती असावी, यावरून या घरात वाद पेटला. ‘सिस्टिमडी’ ही नवी व्यवस्था काहींना शिस्तीची आणि वेगवान वाटली. इतर म्हणाले, ही सून नुसती सर्वांना उठवून थांबत नाही. घरच्या साऱ्या किल्ल्या कमरेला लावते!

फेब्रुवारी २०१४ मध्ये आठ जणांच्या समितीत दोन नव्या व्यवस्थांना चार-चार मते पडली, आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी घरात आली. त्याच वर्षाअखेर काही असंतुष्टांनी ‘देवुआन’ नावाची वेगळी चूल मांडली. तिची पहिली स्थिर आवृत्ती २०१७ साली निघाली.

चूक कोणाची? मला या प्रश्नापेक्षा डेबियनच्या घटनेतले एक कलम अधिक विचार करायला लावते. या घटनेमुळे कोणावरही काम करण्याचे बंधन येत नाही, असा त्याचा आशय. ही तलवार दुधारी आहे. बहुमताने ठराव होईल, पण त्यासाठी राबणारे हात ठरावाने मिळणार नाहीत. आणि ‘मला निवड हवी’ म्हणणाऱ्यालाही ते हात हक्काने मागता येणार नाहीत. दिवाळीत एकाला चकली हवी असते, दुसऱ्याला कडबोळी, तिसऱ्याला अनारसे. निवड सर्वांची, चुलीपुढे बसणारी मात्र बहुधा एकटीच. प्रत्येक निवडीमागे कोणाचे तरी जागरण असते, ही गोष्ट स्वातंत्र्याच्या घोषणा करताना आपण सोयीस्करपणे विसरतो.

मग जो राबतो त्यानेच ठरवावे का? हे सूत्र न्यायाचे दिसते, पण त्यातही एक काच आहे. ज्याला आज्ञावली लिहिता येत नाही, पण ज्याचे रोजचे काम तिच्यावर चालते, त्याने तोंडच उघडू नये काय? ‘जा, वेगळे व्हा,’ असे त्याला सांगणे म्हणजे लंगड्याला रस्ता मोकळा असल्याचे सांगणे होय. शिवाय एका व्यवस्थेवर इतर आज्ञावली विसंबू लागल्या की दार उघडेच राहते, पण उंबरठा उंच होत जातो.

म्हणून मला वाटते, सत्तेची परीक्षा तिने काय ठरविले यावर करू नये. ठरविल्यानंतर उंबरठा किती उंच ठेवला, यावर करावी. २०१९ साली डेबियनने पुन्हा मतदान घेतले, सिस्टिमडीलाच मुख्य मानले आणि पर्याय शोधू पाहणाऱ्यांनाही वाव ठेवला. दोन्ही बाजूंचे पूर्ण समाधान अशा निर्णयाने होत नाही. पण ज्याला निघायचे त्याने आपली लाकडे आपण फोडावीत, आणि जो घरात राहिला त्याने निघणाऱ्याला विस्तव द्यायला नाही म्हणू नये, एवढे पथ्य पाळले तर चुली दोन होऊनही शेजार टिकतो.