दृष्टीचे दान की दृष्टीचे देणे?

आपल्या लोकभाषेने कित्येक दारुण व्याधींना मोठी कोमल नावे दिलेली आहेत. बुबुळावर पांढरा डाग पडून दृष्टी मंदावली अथवा नाहीशी झाली, म्हणजे खेड्यातील माणूस 'डोळ्यात फूल पडले' असे म्हणतो. शब्द ऐकून एखाद्या देवघराची आठवण व्हावी. पण त्या फुलामागे बहुधा एखादी लहानशी इजा, तिजकडे झालेले दुर्लक्ष आणि बरेचसे दारिद्र्य उभे असते. या फुलावर उपाय म्हणून आपल्या काळाने नेत्रदानाचा पुरस्कार केला, आणि सुशिक्षित कुटुंबांतून त्या पुरस्काराचे स्वागतही झाले. परंतु ज्याला आपण दान म्हणतो ते खरोखरीच दान आहे काय, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. आज आम्ही तोच वाचकांपुढे ठेवणार आहो.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. डोळ्याच्या पुढील भागी घड्याळाच्या काचेसारखा जो पारदर्शक पडदा असतो, त्यास वैद्यकाच्या परिभाषेत स्वच्छमंडल म्हणतात. मध्यभागी त्याची जाडी सुमारे अर्धा मिलिमीटर. तरीही बाहेरून येणारे किरण वळवून एकत्र आणण्याच्या कामापैकी जवळजवळ दोनतृतीयांश काम हा पडदाच करतो. प्रकाशाला वाट द्यावयाची म्हणून निसर्गाने त्यात रक्तवाहिन्या ठेवल्या नाहीत. या एका योजनेचे दोन परिणाम होतात. रक्ताचा पुरवठा नसल्यामुळे तेथे रोगजंतूंनी शिरकाव केला, तर शरीराची कुमक उशिरा पोचते. उलट, त्याच कारणाने परक्याचे स्वच्छमंडल बसविले असता शरीर इतर अवयवांइतका त्याचा द्वेष करीत नाही. रक्तगट जुळविण्याचीही सहसा गरज पडत नाही. ज्या समाजात पाण्याच्या घोटासाठीही जात जुळवून पाहण्याची चाल होती, त्यात डोळ्याने हा भेद मुळातच मानू नये, ही गोष्ट विचार करण्यासारखी आहे.

आता कोल्हापुराकडे वळू. पंचगंगा, वारणा, दूधगंगा यांच्या काठचा हा मुलूख उसाचा. दिवाळीच्या सुमारास कारखान्यांची धुराडी पेटतात, आणि बीडसारख्या दूरच्या, कोरडवाहू जिल्ह्यांतून तोडणीवाल्यांच्या टोळ्या येथे उतरतात. मुकादमाच्या हिशेबात नवराबायकोच्या जोडीस एक 'कोयता' म्हणतात. माणसाची गणना हत्याराने करण्याची ही रीत पुष्कळ काही सांगून जाते. उसाच्या पात्याची कड करवतीसारखी असते. पहाटेच्या काळोखात वाकून तोड चालू असता ते पाते कधी डोळ्यास चाटून जाते. ओरखडा नखाएवढाही नसतो. पण पात्यावरची बुरशी त्या वाटेने आत जाते, आणि काही दिवसांत बुबुळावर व्रण धरतो. अंगावर घेतलेली उचल फिटावयाची असते आणि कामाला खाडा पडला तर पैसे कापले जातात. म्हणून डोळा लाल झाला तरी हातातला कोयता खाली राहत नाही. दुकानातून मागून आणलेल्या थेंबांत स्टेरॉइड असले, तर लाली उतरल्यासारखी वाटते आणि आत बुरशी मात्र फोफावते. कोपीतून इस्पितळात येईपर्यंत पुष्कळदा पाणी डोक्यावरून गेलेले असते.

हा केवळ एका मुलखाचा प्रश्न नव्हे. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय पाहणीत पन्नाशीच्या पुढील लोकांच्या अंधत्वाचे पहिले कारण मोतीबिंदू आढळले. स्वच्छमंडलाचा अपारदर्शकपणा हे दुसरे, शेकडा ७.४ इतके. पन्नाशीच्या आतील लोकांत मात्र हेच पहिले कारण ठरले, शेकडा ३७.५. म्हणजे कमावत्या आणि उमलत्या वयाचा हा अंधार आहे.

त्यावरचा उपाय शतकाहून जुना आहे. ७ डिसेंबर १९०५ रोजी मोरेव्हियातील ओलोमौट्स येथे एडुआर्ड झिर्म या शस्त्रवैद्याने चुन्याने डोळे भाजलेल्या एका मजुरास, इजेमुळे काढाव्या लागलेल्या एका मुलाच्या डोळ्यातील स्वच्छमंडल बसविले आणि ते पारदर्शक राहिले. पुढे १९३० नंतर ओडेसा येथे फिलातोव्ह यांनी मृतांच्या डोळ्यांचा उपयोग करण्याची पद्धत रूढ केली, आणि आपल्याकडे १९४५ साली मद्रासेस पहिली नेत्रपेढी निघाली. मृत्यूनंतर साधारण सहा तासांच्या आत डोळे काढावे लागतात. चष्मा असलेल्यांचे, मधुमेह असलेल्यांचे, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्यांचे डोळेही चालतात.

येथवर सर्वांचे एकमत होईल. मतभेद सुरू होतो तो 'दान' या शब्दापाशी. आपल्या परंपरेत दानास काही अटी आहेत. दिलेली वस्तू दात्याची असावी, ती देताना त्यास काही त्याग घडावा आणि घेणाऱ्याचे त्याजवर आधीचे काही येणे नसावे. सावकाराचे पैसे परत करणाऱ्यास कोणी दानशूर म्हणत नाही. दधीचीने आपल्या अस्थी दिल्या त्या जिवंतपणी, देहाचा मोह सोडून. म्हणून ते दान ठरले. चितेवर जे जळून जावयाचेच, ते सोडण्यात मृताचा त्याग कोणता? त्याग असलाच तर तो शोकाकुल नातलगांचा. कारण अश्रू पुसण्याच्या घटकेस त्यांना दूरध्वनी करावा लागतो. परंतु तिसरी अट सर्वांत महत्त्वाची. घेणाऱ्याचे आपल्यावर काही येणे आहे काय?

आमच्या मते आहे. कोणी म्हणेल, 'त्याच्या डोळ्यास पाते आम्ही मारले नाही. ठरलेल्या भावाने साखर घेतली, व्यवहार संपला.' हा युक्तिवाद कायद्याच्या दरबारात टिकेल, नीतीच्या दरबारात टिकणार नाही. साखरेच्या भावात बियाण्याचा, खताचा, वाहतुकीचा आणि व्याजाचा खर्च धरला जातो; तोडणाऱ्याच्या डोळ्याची जोखीम त्यात धरलेली नसते. जो खर्च हिशेबात येत नाही तो नाहीसा होत नाही. तो सर्वांत दुबळ्या माणसाच्या अंगावर पडतो, आणि त्याचा लाभ मात्र चहाच्या प्रत्येक पेल्यागणिक आपणा सर्वांच्या पदरी पडतो. ज्याचा लाभ घेतला त्याचे ऋण मानावे, ही आपली जुनी शिकवण आहे. देवऋण, ऋषिऋण, पितृऋण मानणाऱ्या समाजास श्रमऋण मानणे जड जाऊ नये.

आणि हे कोल्हापुरात तरी नवे वाटू नये. २६ जुलै १९०२ रोजी शाहू छत्रपतींनी आपल्या संस्थानातील शेकडा ५० जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवण्याची आज्ञा काढली, तेव्हा त्यांनी अन्नछत्र उघडले नव्हते. ज्यांचा हिस्सा पिढ्यान्‌पिढ्या दडपला गेला होता, त्यांचा हिस्सा बाजूला काढला होता. भिक्षा आणि हिस्सा यांतील अंतर पैशात मोजावयाचे नसते. भिक्षा घेणाऱ्याची मान खाली जाते. हिस्सा घेणाऱ्याची जात नाही.

दानाच्या जागी देणे हा शब्द घातला की एक मोठा फरक पडतो. दान दात्याच्या सवडीने करता येते. देणे मुदतीत फेडावे लागते. आणि या देण्याची मुदत आपल्या मृत्यूच्या दिवशी येत नाही, पाते लागल्याच्या दिवशीच येते. नेपाळातील भक्तपूर येथील एका अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००१ साली प्रसिद्ध झाले, डोळ्यास ओरखडा गेलेल्या माणसांना गावातच क्लोरॅम्फेनिकॉलचे साधे मलम दिले गेले. इजेनंतर १८ तासांच्या आत ज्यांस ते मिळाले, त्यांपैकी कोणासही व्रण झाला नाही. पुढे नेपाळातच गावागावांतून झालेल्या मोठ्या चाचणीचा निष्कर्ष २०२२ साली आला. त्यात स्वयंसेविका नेमलेल्या आणि न नेमलेल्या गावांत व्रणांच्या प्रमाणात फरक दिसला नाही. या दोहोंचा मेळ घालताना आम्हास असे वाटते की, औषध तयार असणे आणि इजा झालेला माणूस वेळेवर औषधापाशी येणे, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. नेपाळातील स्वयंसेविकेस निदान आपला गाव ओळखीचा असतो. येथील तोडणीवाला तर आज या फडात, उद्या त्या फडात. त्याचे नाव कोणत्या गावच्या वहीत असावे, हाच प्रश्न. खाडा पडला तरी मजुरी बुडणार नाही एवढी हमी आणि फडापर्यंत येणारा परिचारक, या दोन गोष्टींवाचून मलमाची नळी कपाटातच राहील.

व्रण झाल्यावरही आशा असते. बुरशीवरील नाटामायसिन हे औषध १९५५ साली दक्षिण आफ्रिकेतील मातीतून मिळाले. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातील चाचणीत ३२३ रुग्णांवर त्याची व्होरिकोनाझोल या नव्या औषधाशी तुलना झाली, आणि जुनेच सरस ठरले. ज्या डोळ्यांवर ही परीक्षा झाली ते बहुतांशी गरिबांचे. ज्ञान त्यांच्या दुःखातून मिळाले. ते औषध त्यांच्यापर्यंत न पोचविणे म्हणजे ऋणावर ऋण चढविणे होय.

आता एक नाजूक मुद्दा. याच स्वच्छमंडलावर लेसर चालवून चष्मा घालविण्याची शस्त्रक्रिया सधन घरांतून होते. हा सगळा डौल, असे म्हणून तिला झिडकारण्याच्या पक्षाचे आम्ही नाही. चष्म्यामुळे मनाजोगी नोकरी हुकणाऱ्या तरुणास तो डौल वाटत नाही. शिवाय त्याच जातीच्या लेसरने काही वरवरचे डागही काढता येतात. म्हणजे हौसेसाठी घासलेले हत्यार गरजेच्या कामी येते. परंतु विद्या, पैसा आणि कुशल हात ही मर्यादित असतात. अंधुक दिसणाऱ्यास चष्म्याचा पर्याय आहे. फूल पडलेल्यास तो नाही. तेव्हा अग्रक्रम कोणास, हे सांगण्यास शास्त्रार्थ नको. अशी शस्त्रक्रिया झालेले स्वच्छमंडल पूर्ण जाडीच्या रोपणास सहसा घेत नाहीत. मागील थराच्या रोपणास ते चालू शकते. म्हणून अशांनीही आपले देणे संपले असे मानू नये.

कोणी विचारील, देणे म्हटल्यावर त्यातील पुण्याची गोडी जाणार नाही काय? जाईल, आणि जावी. पुण्याच्या गोडीने भरलेले कागद आपल्याकडे पुष्कळ आहेत. परंतु मृत्यूच्या घटकेस तो कागद बोलत नाही, घरची माणसे बोलतात. मृताने लिहून ठेवलेले असले तरी व्यवहारात त्यांचा होकार लागतोच. दान म्हटले तर त्या वेळी 'आज नको' म्हणण्यास त्यांस मोकळीक वाटते. वडिलांचे राहिलेले कर्ज म्हटले, तर आपल्या घरांतील मुले ते फेडल्यावाचून सहसा राहत नाहीत. म्हणून घरोघरच्या वडीलधाऱ्यांस आमचे एवढेच सांगणे आहे की, त्यांनी मुलांना जवळ बसवून आपली इतर देणी सांगावी, तसे हेही सांगून ठेवावे. आणि जिवंतपणी फेडता येईल तेवढा भाग उसाच्या फडाकडे पाहून आजच फेडावयास लागावे.