तापलेली खोली आणि बंद दार

विदर्भातल्या चिखलीत थंडीला शेकोटी पुरते. पहाटे बंब पेटतो किंवा गीझर लागतो. घरभर नळ्या टाकून, त्यांतून गरम पाणी खेळवून खोल्या तापवण्याची गरज इथे कुणाला पडत नाही. विदर्भातली मुले इंग्लंडला नोकरीला जातात, तेव्हा घराच्या भिंतीवरचा बॉयलर आणि प्रत्येक खोलीतला रेडिएटर त्यांना पहिल्यांदा भेटतो. त्या नळ्यांच्या जाळ्यात कुठेतरी एक लहानसा बायपास व्हॉल्व्ह असतो.

त्याचे काम असे. पंप गरम पाणी सगळ्या खोल्यांतून फिरवतो. एखादी खोली हवी तेवढी तापली की तिथल्या रेडिएटरचा व्हॉल्व्ह आपोआप मिटतो. सगळेच मिटले तर पंप बंद दारांवर धडका देत राहील, नळ्या आवाज करतील, बॉयलरमधले पाणी जागच्या जागी तापत जाईल. दाब ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की बायपास उघडतो आणि पाणी जवळच्या वाटेने बॉयलरकडे परतते. त्या फेरीत एकही खोली तापत नाही. पण पंप आणि बॉयलर वाचतात.

या पाण्याप्रमाणे माणसाच्या आतल्या ओढीलाही वाटच मिळाली नाही तर तिचे काय होते, हा प्रश्न धर्मविचारात फार जुना आहे. गीतेच्या तिसऱ्या अध्यायात इंद्रिये आवरून मनाने विषयच घोळवणाऱ्याला मिथ्याचारी म्हटले आहे. प्राणी आपापल्या प्रकृतीने चालतात, तिथे निग्रह काय करणार, असेही तोच अध्याय विचारतो. दारे लावून घेणे म्हणजे साधना नव्हे, हे त्यातून उघड होते. मग ओढीला दुसरी वाट काढून दिली की प्रश्न सुटला का?

याचे उत्तर शोधायला फार दूर जायला नको. चिखलीच्या शेजारी देऊळगाव राजा तालुका आहे. तिथले मेहुणा राजा हे संत चोखामेळ्यांचे जन्मगाव मानले जाते आणि तिथल्याच खडकपूर्णा धरणाच्या जलाशयाला संत चोखासागर असे नाव दिले आहे. अस्पृश्य मानलेल्या चोखोबांना पंढरपूरच्या विठ्ठलाच्या देवळाचे दार बंद होते. त्यांची भक्ती अभंगांतून वाहिली. पत्नी सोयराबाई, बहीण निर्मळा, मेहुणा बंका, मुलगा कर्ममेळा, सगळे घरच अभंग रचू लागले. विटाळावाचून कुणाचा देह जन्मला, हा सोयराबाईंचा सवाल आजही निरुत्तर करतो.

या अभंगांनी एका घराची माणुसकी जिवंत ठेवली, यात शंका नाही. पण तेवढ्यावर समाधान मानणारे लोक व्हॉल्व्हचे मर्म विसरतात. रेडिएटरचा व्हॉल्व्ह मिटतो तो खोली तापली म्हणून. चोखोबांच्या वाट्याची खोली थंडगारच होती. तिचे दार बाहेरून कुणीतरी लावले होते. शिवाय बायपास गरजेपेक्षा जास्त उघडा राहिला, तर पाणी सोपी वाट धरते आणि खोल्या गारच राहतात, हे हीटिंगचे काम करणाऱ्यांना पक्के ठाऊक असते. 'देव तर भक्ताच्या हृदयात आहे, मग देवळात कशाला जायचे?' हा उपदेश शतकानुशतके असाच सैल सोडलेला बायपास होता. ज्यांना आत जाता येत होते, त्यांना तो सहसा कुणी केला नाही.

1338 मध्ये मंगळवेढ्याला गावकुसाचे काम चालू असताना भिंत कोसळली आणि तिच्याखाली चोखोबा गेले. संत नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरपूरला आणल्या, असे परंपरा सांगते. देवळाचे दार उघडायला त्यानंतर सहाशेहून अधिक वर्षे लागली. मे 1947 मध्ये साने गुरुजींनी पंढरपुरात उपोषण केले, तेव्हा ते दलितांसाठी खुले झाले.

पंढरीला जाणाऱ्याने देवळाच्या नामदेव पायरीजवळ क्षणभर थांबावे. चोखोबांची समाधी तिथे, महाद्वाराच्या बाहेर आहे.