संशयित चेंडूचा न्याय

बास्केटबॉल हा खेळ १८९१ साली अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे जेम्स नायस्मिथ ह्या ईश्वरविद्या शिकलेल्या गृहस्थाने काढिला. त्याच्या मूळ १३ नियमांत, सीमेबाहेर गेलेल्या चेंडूविषयी तंटा पडल्यास पंचाने तो सरळ मैदानात फेकावा, असे होते. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे शेवटचा स्पर्श कोणाचा ह्याविषयी पंच साशंक असल्यास चेंडू पाळीने देतात. पाळी कोणाची ते बाण दाखवितो. हा न्याय काय? होय, कारण न पाहिलेले पाहिले, असे पंच म्हणत नाही. (पंचायतीत बसणारांस हे किती जड जाते!) परंतु ज्याच्या बोटाला चेंडू लागला तो साशंक नसतो. बाण आपल्या बाजूस पाहून त्याने मौन धरिले, तर नियम मोडत नाही. तरी आम्ही त्यास खोटी साक्षच म्हणू, मग चेंडू जावो.