माजी सुरक्षाधिकाऱ्याची साक्ष

दहशतवादावरील सार्वजनिक चर्चेत निवृत्त गुप्तचर अधिकाऱ्याच्या शब्दाला वजन असते. ते किती असावे, हा प्रमाणशास्त्राचा प्रश्न आहे. न्यायदर्शन शब्दाला, म्हणजे दुसऱ्याच्या सांगण्याला, ज्ञानाचे प्रमाण मानते, पण बोलणारा आप्त असेल तरच. वात्स्यायनाच्या भाष्यानुसार ज्याने विषय प्रत्यक्ष जाणला आहे आणि जो जाणला तसाच सांगू इच्छितो तो आप्त. मग तो ऋषी असो, आर्य असो की म्लेच्छ. पहिली अट माजी अधिकारी बहुधा पुरी करतो. दुसरी अवघड आहे, कारण तो अनेकदा स्वतःच्याच निर्णयांविषयी बोलत असतो.

अमेरिकेत कैद्यांच्या छळावरून झालेल्या वादात हे स्पष्ट दिसले. २००२ मध्ये संशयित दहशतवादी अबू झुबैदाची चौकशी करणारे एफबीआयचे अली सुफान यांनी मे २००९ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे पडद्याआडून साक्ष दिली: माहिती मिळाली ती संवादातून, कठोर तंत्रे निरुपयोगी ठरली. डिसेंबर २०१४ मध्ये सिनेटच्या गुप्तवार्ता समितीने सीआयएची साठ लाखांहून अधिक पाने तपासून तंत्रांविषयी तोच निष्कर्ष काढला. जॉर्ज टेनेट, पोर्टर गॉस आणि मायकेल हेडन या सीआयएच्या माजी संचालकांनी तो लगेच फेटाळला. समितीने आमच्या मुलाखतीच घेतल्या नाहीत, ही त्यांची तक्रार रास्त होती. परंतु ज्या कार्यक्रमाची ते पाठराखण करत होते, तो त्यांच्याच हाताखाली चालला होता. सुफान यांनाही स्वतःच्या पद्धतीचा अभिमान होताच. अशा वेळी कोणाचे पद मोठे, यापेक्षा नोंदी काय सांगतात हे पाहावे लागते.

स्वतःला अडचणीत आणणाऱ्या साक्षीचे मोल वेगळे. ‘द गेटकीपर्स’ या २०१२ च्या माहितीपटात इस्रायलच्या शिन बेत या सुरक्षा संस्थेचे सहा माजी प्रमुख, जे धोरण त्यांनीच राबवले, त्याच्यावर टीका करतात. त्यांतले अव्राहम शालोम यांनी १९८४ मध्ये पकडलेल्या दोन बस-अपहरणकर्त्यांना ठार मारण्याचा आदेश दिला होता. अर्थात अशा साक्षीलाही मर्यादा आहे. छळाने माहिती मिळते का, हे अधिकारी सांगू शकतो. छळ करावा का, या प्रश्नात त्याचा अधिकार इतर नागरिकांइतकाच.

साक्ष तपासायची तर ती आधी लोकांपुढे यायला हवी. भारतात मात्र २०२१ च्या निवृत्तिवेतन नियमांतील दुरुस्तीनुसार गुप्तचर व सुरक्षा संस्थांच्या माजी अधिकाऱ्यांना संस्थेच्या कार्यक्षेत्राविषयी लिहिण्यास संस्थाप्रमुखाची पूर्वपरवानगी लागते. गोपनीयतेची गरज खरी आहे. तरीही ज्या संस्थेवर टीका व्हायची तिच्याच प्रमुखाने परवानगी देणे अन्यायाचे आहे. हा अधिकार स्वतंत्र मंडळाकडे असावा आणि नकाराची कारणे लेखी द्यावीत.