जाड तेल

मी खोटं बोललो नाही. गेले काही महिने हे वाक्य मी स्वतःला इतक्या वेळा ऐकवलंय की त्यातच काहीतरी गडबड असणार.

गाडी निसान सिल्व्हिया एस14, इंजिन एसआर20डीईटी, दोघांत मिळून घेतलेली. तो कोल्हापूरचा, मी पुण्याचा. टोकियोत निशी-कासाईला शेजारी राहतो आणि सुट्टी साधून फुकुशिमातल्या एबिसू सर्किटवर गाडी आडवी पळवायला जातो. चालवण्यात तो सरस. बॉनेटखालचं खातं माझं. तिथे तो कधी डोकावतही नाही.

मे महिन्यात काटा पडायला लागला. इंजिन तापलं की आयडलला ऑईल प्रेशर एक किलोच्याही खाली (जपानी गॅरेजांत अजून किलोच बोलतात). हजार आरपीएममागे दहा पीएसआय हा ढोबळ हिशोब धरला तर सहा हजारांवर चार किलोंच्या पुढे हवं. मिळत होतं जेमतेम तीन. शिवाय लांब वळणात गाडी आडवी धरली की काटा क्षणभर आणखी कोसळायचा.

ड्रिफ्टमध्ये तेल एकाच बाजूला फेकलं जाऊन चेंबरच्या भिंतीवर चढतं, पिकअपचं तोंड उघडं पडतं आणि पंप हवा ओढतो. बेरिंगवरचा तेलाचा थर तुटतो, धातूवर धातू घासतो, फट वाढते. पंप नुसता तेल ढकलतो. प्रेशर उभं राहतं ते त्या अरुंद फटीच्या अडवणुकीमुळे. फट वाढली की तापून पातळ झालेलं तेल सहज निसटतं. हे सगळं मी इतरांना कागदावर चित्र काढून समजावलेलं आहे.

आणि मी काय केलं? डिपस्टिक पाहिली, पातळी ठीक होती. मग सेंडर बदलला. सेंडर खराब निघतात, नाही असं नाही. पण आधी यांत्रिक गेज जोडून खातरजमा करायची असते. तो गेज माझ्या कपाटात होता. काढला नाही. नव्या सेंडरवरही काटा तिथेच, तेव्हा फिल्टर कापून पाहिला. कागदाच्या घड्यांत तांबूस चमक. बेरिंगचा वरचा थर जाऊन खालचा उघडा पडल्याची ती खूण. निदान तिथेच झालं होतं.

तो कागद पिशवीत बांधून टूलबॉक्सच्या तळाशी सारला आणि 10डब्ल्यू-40 काढून 20डब्ल्यू-50 ओतलं. जाड तेल त्याच फटीतून सावकाश निसटतं, म्हणून काटा वर येतो. दीड किलो. फोटो काढून त्याला पाठवला, ‘प्रेशर आलं बघ.’ आलं होतंच की.

एबिसूला दुपारच्या फेरीत, तो चालवत असताना, खालून ठकठक सुरू झाली. त्याने तिथल्या तिथे इंजिन बंद केलं, म्हणून ब्लॉक तरी वाचला. एक बिग एंड बेरिंग जागेवरून फिरलं होतं, क्रँकवर ओरखडे.

‘जुनंच इंजिन रे, तू तरी काय करणार?’ असं म्हणत त्याने अर्धा खर्च त्याच रात्री माझ्या खात्यात टाकला. मी घेतला.

एबिसूचे पैसे भरलेले होते, म्हणून मी गप्प बसलो, असं बरेच दिवस मानत होतो. पण तेवढ्यासाठी कोणी फिल्टरचा कागद लपवत नाही. आदल्या वर्षी चेंबर मीच उतरवून बसवला होता. तेल हलू नये म्हणून आत लावायची बॅफल प्लेट आम्ही अर्धे अर्धे पैसे घालून आणलेली. त्या दिवशी तिची भोकं जुळेनात, मला उशीर होत होता. पुढच्या वेळी लावू म्हणून ती तशीच फडताळावर राहिली. लावली का, असं त्याने विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. मे महिन्यात इंजिन उघडलं असतं तर शेजारी तो उभा राहिला असता. नंतर उघडलं ते मी एकट्याने, तो कामावर असताना. प्लेट तेव्हा बसवली. दोन भोकं कानशीने वाढवली, वीस मिनिटांचं काम.

गेल्या रविवारी त्याने चौदाचं सॉकेट मागितलं. तो टूलबॉक्सपाशीच बसला होता, तरी मी उठून गेलो आणि काढून दिलं. पिशवी अजून तळाशीच आहे. टाकून का देत नाही, हेही स्वतःला विचारून पाहिलं.